शनिवारचा भोंगा

"आधी फ्रिज. बाकी सगळं मरू दे, आधी फ्रिज टेबलावर घ्या," मी ओरडत होतो. माझे जावई, ज्यांनी लग्नानंतर लॅपटॉपपेक्षा जड काही उचललेलं नाही, ते फ्रिजच्या एका अंगाला लटकले होते. फ्रिज हलेना. तिकडे फ्रिज कपाटात बसवलेला असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मग मी अख्खं कपाटच ओढायला लागलो. कपाट भिंतीत बसवलेलं होतं. दोन मिनिटं आणखी मिळाली असती तर मी भिंत घेऊन बाहेर आलो असतो.

बाहेर भोंगा वाजला होता. एकदाच वाजला, लांबलचक, आणि गप्प झाला. गप्प झाला म्हणून मी जास्त घाबरलो. म्हटलं, वाजवणाराच वाहून गेला.

बायकोला काही सांगावं लागलं नाही. तिने नात उचलली, पासपोर्टची पिशवी गळ्यात अडकवली, तांदळाचा डबा काखेत मारला आणि जिना चढून वर गेली. जाताना एवढंच म्हणाली, "अहो, शेजारच्या आजोबांना बघा." बदलापुरात नदीकाठच्या मांजर्लीत वीस पावसाळे काढलेल्या बाईला पाणी कुठवर आलंय हे विचारायची गरज नसते. ती वर जाते, नंतर विचारते.

शेजारचे आजोबा म्हणजे निवृत्त सुतार, एकटे राहणारे, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे आणि दीडपट उंच. ते स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. मी दार ढकलून आत शिरलो आणि त्यांना खुर्चीसकट उचललं. आमचे शेजारीपाजारी म्हणतात की एवढा माणूस खुर्चीसकट उचलणं शक्य नाही. त्यांना सांगतो की पूर आला की मला म्हैससुद्धा हलकी लागते. तीन पायऱ्या चढवल्या. आजोबांनी आरडाओरडा केला नाही. हातातला बटाटा आणि सुरी तशीच धरून ते खुर्चीत राजासारखे बसून राहिले. तेवढ्यात पाव आणायला गेलेली माझी मुलगी धावत आली. आजोबा तिला काहीतरी शांतपणे म्हणाले.

"बाबा, ते विचारतायत, मला कुठे नेताय?"

"वर."

"वर काय आहे विचारतायत."

"वर काही नाही. खाली पाणी येतंय."

आजोबांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर गावचा ओढा होता. आमच्या उल्हास नदीला शिंक आली तरी त्याहून जास्त पाणी निघेल एवढाच. त्यात एक बदक उभं होतं, पोहत नव्हतं, उभं होतं. आजोबांनी बदकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जे म्हणाले ते मुलीने मला सांगितलं.

"आज शनिवार आहे."

तर असं ते गाव. दक्षिण जर्मनीत, डोंगरांच्या बेचक्यात. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं तीन महिने तिथे राहिलो. बदलापुरात मी त्या गावाविषयी इतकं बोललो आहे की आता खरं कुठलं आणि मी घातलेला मीठमसाला कुठला हे माझं मलाच वेगळं करता येत नाही. तरी हे शपथेवर सांगतो: त्या गावातली सगळी माणसं आमच्या बिल्डिंगच्या दोन विंगमध्ये मावली असती आणि त्यांच्या गाई टेरेसवर. गावाचं ऑफिस उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधल्या मोबाईल कव्हरच्या दुकानाएवढं. ते आठवड्यातून दोनदा उघडायचं आणि तेवढ्यातही तिथे गर्दी नसायची. गावचा अध्यक्ष मानधनावरचा, बाकीच्या दिवशी तो विम्याच्या कंपनीत नोकरीला जायचा. तो सायकलवरून आमची चौकशी करायला आला तेव्हा मला वाटलं कुरिअरवाला आहे. मी त्याच्याकडे सही करायला पेन मागितलं.

रविवारी तिथे आवाज करायचा नाही असा नियम. बायकोने पहिल्या रविवारी दुपारी मिक्सरवर चटणी वाटली. मिक्सर थांबल्यावर जी शांतता पसरली तिच्यात मला पलीकडच्या डोंगरावरच्या गाईचं रवंथ ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजोबांनी सुतारकामातून उरलेल्या लाकडाचा एक सुबक खलबत्ता आणून दिला. ही त्यांची तक्रार करायची पद्धत.

त्या शनिवारी त्यांना खुर्चीसकट खाली आणून ठेवलं, त्यांचा बटाटा सोलून झाला, आणि मग त्यांनी मला सगळं समजावलं. मुलगी मध्ये बसून मराठी करत होती. गावाला पगारी अग्निशामक दल नाही. गावच दल आहे. पाववाला, बँकेतली बाई, शाळेतला मास्तर, डुकरं पाळणारा शेतकरी, सगळे त्यात. आजोबा स्वतः कैक वर्षं त्याचे प्रमुख होते. आग लागली, पाणी आलं, झाड पडलं, की दलाच्या शेडवरचा भोंगा वाजतो आणि हे सगळे हातातलं टाकून पळतात. आणि भोंगा चालू आहे की नाही हे बघायला महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी बाराला तो वाजवून पाहतात. त्या वेळी कोणी ढुंकून बघत नाही. पाव कापणारा पाव कापत राहतो.

"म्हणजे अख्ख्या गावात धावलो तो मी एकटा?"

मुलीने विचारलं. आजोबांनी गंभीरपणे मान हलवली आणि काही म्हणाले.

"ते म्हणतायत, दल स्थापन झाल्यापासून चाचणीला इतक्या वेगाने कोणी पोचलं नाही."

तेव्हापासून आमची मैत्री. मला जर्मन येत नव्हतं, त्यांना मराठी येत नव्हतं. ओढ्याकाठच्या बाकावर आम्ही तासन् तास गप्पा मारायचो. मुलगी कंटाळून घरी गेली की जास्तच रंगायच्या.

एकदा खरा भोंगाही ऐकला. कुणाच्या तरी गोठ्याला आग लागली होती. भोंगा ओरडायचा, थांबायचा, पुन्हा ओरडायचा. माझं लक्ष भोंग्याकडे कुठलं, मी माणसं बघत होतो. बँकेतली बाई उंच टाचेचे बूट हातात घेऊन मोज्यांवर रस्त्याने पळत होती. पाववाल्याच्या केसांत पीठ होतं. शेडमध्ये भिंतीला लागून प्रत्येकाचे गमबूट उभे होते आणि विजार आधीच बुटांत घालून खाली सोडलेली, म्हणजे आत पाय टाकायचा आणि वर ओढायची. माझ्या डोळ्याचं पातं लवायच्या आत ते सगळे लाल गाडीत बसून गेले. मी आणि आजोबा रस्त्यात उभे राहिलो. त्यांचे हात नुसते हलत होते, विजार वर ओढल्यासारखे.

मग मी त्यांना मांजर्ली सांगितली. सांगितली म्हणजे माझ्या पद्धतीने. आमच्या पुरात फ्रिज तरंगत कल्याणपर्यंत जातात आणि काही फ्रिज तिथे उतरून परत येतात. एक म्हैस पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत तीन दिवस राहिली, वर मेन्टेनन्स न देता. धामण लिफ्टची वाट बघत उभी होती, बटण कुणी दाबेना म्हणून. मुलगी हसत हसत मराठीचं जर्मन करत होती. आजोबा हसले नाहीत. त्यांनी शब्दन् शब्द खरा धरला. म्हशीला चारा कोणी घातला, एवढं मात्र विचारलं.

शेवटी मी त्यांना माझ्या मित्राविषयी सांगितलं, आणि त्यात मीठमसाला घालावा लागला नाही.

हा मित्र आणि मी अंबरनाथच्या एकाच कारखान्यात होतो. एकाच भोंग्यावर आत जायचो, एकाच भोंग्यावर बाहेर पडायचो. कारखाना बंद झाला तेव्हा मी गप्पांवर जगायला लागलो आणि त्याने तीन शिलाई मशीन घेतली. आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर त्याची खोली. उल्हासनगरहून कॅम्प तीनच्या कारखानदाराकडून रिक्षात जीन्सचे गठ्ठे यायचे, तो आणि दोन बाया मिळून कमरेला पट्टा अडकवायचे लूप लावायचे, आणि गठ्ठे परत जायचे. आम्ही पूर्वी त्याच्या शेजारीच राहायचो. एका पुरानंतर तिसऱ्या मजल्यावर गेलो. त्याला जाता येईना. मशीनची घरघर डोक्यावर नको म्हणून वरचे लोक त्याला जागा देत नव्हते.

त्या पुरात त्याची दोन मशीन गेली, ती त्याने पुढे कर्ज काढून पुन्हा घेतली. पाणी फार नव्हतं, गुडघ्याच्या थोडं वर. पण मोटर टेबलाखाली बोल्टने बसवलेली असते, नेमकी गुडघ्याच्या उंचीवर. टेबल मोटरसकट जिन्याने वर न्यायला चार माणसं लागतात. तो नेहमी म्हणायचा, "मला अर्धा तास आधी कळू दे आणि चार हरामखोर मिळू देत. नदीला सांग, मग ये म्हणावं."

आजोबांनी हे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुम्हाला पाणी येतंय हे सांगतं कोण?"

"कोणी नाही. पायाला लागलं की कळतं."

ते उठले आणि मला शेडमध्ये घेऊन गेले. कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक जुना भोंगा होता. विजेचा नव्हे, हाताने फिरवायचा. खाली तीन पाय, वर लोखंडी डबडं, बाजूला हँडल. विजेचा आल्यापासून तो अडगळीत पडला होता. वीज गेली तरी वाजतो, म्हणाले. पुरात आमच्याकडे सगळ्यात आधी काय जातं? वीज. मी हँडलला हात लावणार तोच त्यांनी माझं मनगट धरलं. शनिवार नव्हता.

तो भोंगा त्यांचा नव्हता, गावाचा होता. म्हणून गावाच्या बैठकीत विषय गेला. बैठकीला कोणीही जाऊन बसू शकतं आणि प्रश्न विचारू शकतं, आमच्या सोसायटीच्या सभेसारखंच, फक्त खुर्च्या कोणी फेकत नाही. बालवाडीच्या कुंपणाचा रंग आणि कुत्र्यांच्या घाणीच्या पिशव्या या दोन विषयांच्या मध्ये आमचा भोंगा. एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, हा गृहस्थ खरंच वाजवणार आहे का? मी उभा राहिलो. नदी, मित्र, मशीन, अंबरनाथचा कारखाना, भारत-जर्मनी मैत्री, सगळं बोललो. इतकं बोललो की खिडकीवरचं मांजर उठून गेलं. मुलीने त्याचं जर्मन केलं, ते एकच अक्षर होतं. हो. सगळ्यांचे हात वर झाले. अध्यक्ष म्हणाला, अट एकच, महिन्याला एकदा वाजवा, नाहीतर गंजतो.

विमानतळावर बॅग उघडायला लावली. साहेबाने विचारलं, "ये क्या है?" मी म्हटलं, "साब, भोंगा." तो म्हणाला, "बजाके दिखाओ." मी वाजवून दाखवला. त्यानंतर मला कोणी काही विचारलं नाही. माझ्यामागची रांगही त्यांनी तशीच सोडून दिली.

मांजर्लीत मित्राने भोंग्याभोवती एक फेरी मारली. "लोक जर्मनीहून चाकूचे सेट आणतात, चॉकलेट आणतात. हा साला रसाचा चरक घेऊन आला. ऊस कुठाय?"

"हसू नको. तुझ्यासाठी आणलाय."

"माझ्यासाठी? तुला परत शिफ्ट चालू करायचीय. घरी बसवत नाही तुला."

पण टेरेसवर टाकीशेजारी तो बसवायला वेल्डर त्यानेच अंबरनाथहून बोलावला. तिसऱ्या पायाखाली पत्र्याचा तुकडा त्यानेच सरकवला, डुगडुगू नये म्हणून.

पहिल्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी बाराला मी हँडल धरलं. आता एक गोष्ट लक्षात घ्या, मी गोष्ट थोडक्यात सांगणारा माणूस नाही. मी फिरवायला लागलो आणि थांबलोच नाही. टाकीवरची कबुतरं उडाली ती थेट वांगणीला जाऊन बसली. बारवीच्या जंगलातून कुणीतरी उत्तरादाखल आरोळी दिली, अशी माझी समजूत आहे. हात भरून आला तेव्हा दुसऱ्या हाताने फिरवलं. खाली अंगणात अख्खी बिल्डिंग जमली होती. चौथ्या मजल्यावरचे उल्हासनगरचे कापडवाले सिंधी शेजारी कानात बोटं घालून वर बघत होते.

"साईं," ते म्हणाले, "कान गया. लेकिन टाइम एकदम करेक्ट."

सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस भांडण चाललं. रात्रपाळीवाल्याची झोप, लहान बाळं, कुणाचं तरी ब्लडप्रेशर. शेवटी ठरलं, महिन्यातून एकदाच, शनिवारी बाराला, एरवी हात लावायचा नाही. मला याहून जास्त काय हवं होतं? अगदी तिकडच्यासारखं.

सुरुवातीला माणसंही आली. भोंगा वाजला की चौघं तळमजल्यावर धावायचे, मित्राचं एक टेबल मोटरसकट उचलायचे आणि पहिल्या मजल्याच्या जिन्यात नेऊन ठेवायचे. तो हातात घड्याळ धरून शिव्या द्यायचा. "अरे मयताला खांदा देताय काय? नदी वाट बघणारे तुमची?" मग सगळ्यांना समोसे. मी आजोबांना मुलीकडून कळवलं, तालीम चालू आहे. तिकडून निरोप आला, छान, हँडलला तेल घाला.

पुढे एकाची शनिवारची सुट्टी गेली. एकाने घर बदललं. समोसे थंड असतात अशी कुणाची तक्रार आली. माणसं कमी होत गेली आणि भोंगा तेवढा राहिला. मी मात्र एक महिना चुकवला नाही. उलट हात बसला होता, आणखी लांब वाजवायला लागलो. लोकांनी त्याची सवय करून घेतली. भोंगा झाला की पंप चालू करायचा, भोंगा झाला की कुकर लावायचा. मित्र दारात यायचा, मान वर करायचा आणि हातातली जीन्स झेंड्यासारखी हलवायचा. "झालं का रे तुझं जर्मन?" मी वरून हात करायचो. तो आत जाऊन मशीनवर बसायचा. आमच्या म्हातारपणातला तो एक छान क्षण होता, महिन्यातून एकदा येणारा. तेव्हा मला तो तेवढाच वाटायचा, छान.

नदी आली ती नेमकी तशाच शनिवारी.

दोन दिवस पाऊस लागून होता. सकाळपासून मोबाईलवर इतके निरोप येत होते, जुन्या पुरांच्या फोटोंसकट, की खरा कुठला ते कळेना. बाराच्या सुमारास मी छत्री घेऊन टेरेसवर गेलो, नेहमीसारखा. चाचणी करायला. नदीकडे पाहिलं आणि पलीकडचं शेत दिसेना. शेत होतं तिथे एक सपाट तपकिरी रंग होता आणि तो हलत होता. मागच्या भिंतीजवळच्या नाल्याचं पाणी उलटं वाहत होतं, आत.

छत्री टाकली आणि फिरवायला लागलो. आयुष्यात तसा भोंगा वाजवला नव्हता. म्हणजे मला तसं वाटलं. नंतर विचार केला तर मी दर महिन्याला अगदी तसाच वाजवत होतो.

खाली मित्र दारात आला. मी ओरडलो, पाणी, पाणी, पण पावसात आणि माझ्याच भोंग्यात माझा आवाज मला ऐकू येत नव्हता. मी एका हाताने हँडल फिरवत होतो आणि दुसऱ्याने नदीकडे बोट दाखवत होतो. त्याने मान वर केली, हसला, आणि हातातली जीन्स हलवली. त्याचे ओठ हलले. काय म्हणाला हे ऐकायची गरज नव्हती. मग तो आत गेला. त्या सकाळीच कॅम्प तीनहून गठ्ठा आला होता आणि सोमवारी परत जायचा होता. खिडक्यांतून कुणी डोकावलं नाही. कुठल्यातरी घरात कुकरची शिट्टी झाली.

मी अजून फिरवलं. मला वाटलं, जास्त वाजवला की कळेल. किती वेळ फिरवलं सांगता येत नाही, पण तो त्याचा अर्धा तास होता आणि मी तो वर उभा राहून खर्च करत होतो. शेवटी हँडल सोडलं आणि जिने उतरत खाली धावलो, प्रत्येक दार ठोकत. दारं उघडली ती मी पुढे गेल्यावर. मी तळाशी पोचलो तेव्हा गेटमधून पाणी आत आलं होतं आणि अंगणात कुणाची तरी चप्पल गोल गोल फिरत होती. पावसामुळे बाया आल्या नव्हत्या, तो एकटाच मशीनवर बसलेला होता. पायडलखाली पाणी फिरत होतं आणि त्याला कळलं नव्हतं, कारण पाय पायडलवर होते.

"उठ," मी म्हटलं.

त्याने खाली पाहिलं. मग मोटरचं बटण बंद केलं, अगदी रोजच्यासारखं, आणि म्हणाला, "दोघं आहोत आपण."

दोघांनी एक टेबल दारापर्यंत नेलं. तिथे ते अडकलं. माणसं आली, सगळी आली, कुणी नाही आलं असं म्हणणार नाही, सिंधी शेजारी तर धोतर वर खोचून आले. तोवर पाणी गुडघ्याच्या वर होतं. गठ्ठा तेवढा वाचला. जीन्स हलक्या असतात.

पाणी संध्याकाळी ओसरलं. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने मोटरी उघडून उन्हात ठेवल्या, ऊन नव्हतं तरी. आठ दिवसांनी तिन्ही मशीन उल्हासनगरला भंगारात गेली, आणि महिनाभरात तो अंबरनाथला मुलाकडे राहायला गेला. त्याची खोली आता एका इस्टेट एजंटने घेतली आहे. तिथे काचेचं दार आहे आणि आतून काही ऐकू येत नाही. मशीनची घरघर डोक्यावर नको म्हणणारे वरचे लोकही आता म्हणतात, खाली फार सुनं वाटतं.

टेरेसवर भोंगा आहे. त्याच्यावर कुणीतरी निळं प्लास्टिक बांधलंय. मी त्यानंतर हात लावलेला नाही. पहिल्या शनिवारी बाराच्या सुमारास मी घरातच असतो. आजोबांचा निरोप मात्र दर महिन्याला यायचा, वाजवला का, आणि मी दर महिन्याला मुलीला सांगायचो, सांग त्यांना, बाबा बिझी आहेत.

गेल्या दिवाळीत मुलगी व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "बाबा, ते शेजारी बसलेत, तुम्हीच सांगा." तिने फोन त्यांच्यासमोर धरला. ते खूप वाळले होते. मी सांगितलं, एकही म्हैस न घालता सांगितलं. मग त्यांनी विचारलं, किती वेळा वाजवला?

"वेळा कसल्या. हात गळेपर्यंत."

"आणि चाचणीला?"

"तेव्हाही."

ते मुलीशी काही बोलले. तिने लगेच मराठी केलं नाही. आधी त्यांना पुन्हा विचारलं. मग म्हणाली, "बाबा, ते म्हणतायत, चाचणीला एकदाच वाजवतात, एक लांब. खऱ्या वेळी तीनदा, मध्ये थांबून. म्हणजे कळतं. इथे लहान मुलांनाही माहीत असतं, म्हणून सांगायचं राहिलं. त्यांना वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय."

फोनवर आजोबा हात हलवत होते, वर ओढल्यासारखे, खाली सोडल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी मी अंबरनाथला गेलो. मित्र मुलाच्या गॅलरीत बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. पूर्वी मला बघून जिन्यातूनच ओरडायचा. त्या दिवशी सरकून जागा केली. खाली रस्त्यावर शाळा सुटली होती. मी त्याला सगळं सांगितलं, बाकावरचे आजोबा, एकदा आणि तीनदा, मध्ये थांबून. हेही म्हणालो की गोठ्याला आग लागली त्या दिवशी मी तिथेच उभा होतो, माझ्या कानांसमोर तो तीनदा वाजला होता आणि मी बँकेतल्या बाईचे मोजे बघत बसलो. तीनदा वाजवला असता तर तुला कळलं असतं, अर्धा तास मिळाला असता, म्हटलं.

त्याने शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले, टरफलं स्वतःच्या मांडीवर.

"तू तीनदा वाजवला असतास," तो म्हणाला, "तर मी म्हटलं असतं, आज रंगात आहे."